एक खेळ मधल्या फळीलाही द्या : फिल्म सोसायट्यांच्या निवड समित्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांच्या आणि चित्रपट महोत्सवांच्या निवड समित्यांतल्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कष्टांविषयी शंका नाही, हे आधीच सांगून टाकतो. वर्गणी तुटपुंजी, सभागृहाचं भाडं दरवर्षी वाढणारं, आणि खेळ संपल्यावर दिवे मालवून शेवटी बाहेर पडणारेही तुम्हीच. ओझू, मिझोगुची, होउ श्याओ-श्येन, एडवर्ड यांग, वाँग कार-वाय ही जपान, तैवान, हाँगकाँगच्या थोर दिग्दर्शकांची नावं आमच्या बोलण्यात आली ती तुमच्या कार्यक्रमपत्रिकांमुळे. त्यामुळे मागणार आहे ते हक्काने मागतो. वर्षातून एक खेळ पूर्व आशियातल्या मधल्या फळीच्या सिनेमाला द्या. धड उत्तम नाही, धड टाकाऊ नाही, असा चित्रपट. आणि तो तसा आहे हे पत्रिकेत सरळ छापा.

विनोद करत नाही. आज तुमचे सभासद घरी जाऊन फोनवर आणि टीव्हीवर नेमके हेच चित्रपट पाहतात. कोरियन झाँबीपट, चिनी तलवारपट, मांगा म्हणजे जपानी चित्रकथांवरून केलेले पट. पाहतात, ‘ठीक आहे’ म्हणतात आणि पुढचा लावतात. त्यावर बोलायला जागा कुठेच नाही. तुमच्याकडे येतात ती फक्त शिखरं. परिणाम असा की जपान म्हटलं की आम्हाला ओझूंचा चटईच्या उंचीवर ठेवलेला कॅमेरा आठवतो, आणि जपानी माणूस वर्षानुवर्षं तिकीट काढून जे पाहत आला त्याचा पत्ताच नसतो.

ओझूंनी आपलं जवळजवळ सगळं काम शोचिकू कंपनीत केलं. त्याच कंपनीचा गल्ला पुढे पाव शतक कोणी भरला, तर ‘तोरा-सान’ या चित्रपटमालिकेतल्या फिरत्या फेरीवाल्याने. १९६९ ते १९९५ या काळात या मालिकेचे ४८ चित्रपट आले, सगळ्यांत नट एकच, कियोशी आत्सुमी, आणि दोन सोडून सगळ्यांचं दिग्दर्शन योजी यामादांचं. गोष्ट ठरलेली. तोरा-सान तोक्योतल्या शिबामाता भागात काका-काकूंच्या दांगोच्या, म्हणजे तांदळाच्या गोड गोळ्यांच्या, दुकानात परत येतो, घरात भांडण होतं, कुणा बाईच्या प्रेमात पडतो, प्रेम जमत नाही, पुन्हा गाव सोडतो. नववर्ष आणि ओबोन या पूर्वजांच्या सणाच्या सुट्टीत जपानी कुटुंबं हे पाहायला जायची. यातले काही भाग अगदीच सपक आहेत. पण बहीण साकुरा त्याला निरोप द्यायला स्टेशनवर येते तेव्हा दगडालाही पाझर फुटावा. यातला एकही भाग मी आपल्याकडच्या पत्रिकेत छापलेला पाहिलेला नाही. यामादांचे सामुराईपट मात्र आपण आदराने दाखवतो.

आता थोडं सविस्तर बोलतो, कारण ‘मधली फळी’ म्हणजे नेमकं काय हे उदाहरणाशिवाय कळायचं नाही. झांग यिमूंचा २००६चा ‘कर्स ऑफ द गोल्डन फ्लावर’ घ्या.

त्याच्या मागची परिस्थिती अशी. अँग लींच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ला चार ऑस्कर मिळाली आणि चीनमधल्या प्रत्येक मोठ्या दिग्दर्शकाला तलवारपट करायचे वेध लागले. झांग यिमूंनी २००२ साली ‘हीरो’ केला, २००४ साली ‘हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स’. चेन कायगे ‘द प्रॉमिस’ घेऊन आले. विनोदी चित्रपटांसाठी ओळखले जाणारे फेंग श्याओगांगसुद्धा ‘हॅम्लेट’ला चिनी दरबारी पोशाख चढवून ‘द बँक्वेट’ करून बसले. पैसा मोठा, नट हाँगकाँग, तैवान, कोरिया, जपान असे सगळीकडचे, म्हणजे प्रत्येक बाजारात विकायला एक चेहरा. ‘गोल्डन फ्लावर’मध्ये सम्राट हाँगकाँगचा चाउ युन-फॅट आहे आणि मधला राजपुत्र तैवानचा पॉपगायक जे चाउ. या गायकाला अभिनय फारसा येत नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. तो तिथे का आहे, हेही कळतं.

पण मूळ गोष्ट पाहा. साओ यू यांनी विशीच्या सुरुवातीला लिहिलेलं ‘लेइयू’ म्हणजे ‘वादळी पाऊस’ हे १९३४ साली प्रसिद्ध झालेलं नाटक. खाणमालकाचं श्रीमंत घर, दुसरी बायको, सावत्र मुलाशी तिचे संबंध, त्याच मुलाचं घरातल्या मोलकरणीवर प्रेम, आणि ती मोलकरीण त्याचीच बहीण असल्याचा उशिरा झालेला उलगडा. त्या नाटकात नवरा बायकोला सगळ्यांदेखत औषध प्यायला लावतो, असा एक प्रसंग आहे. झांग यिमूंनी तो उचलला आणि त्याचा अख्ख्या चित्रपटाचा कणा केला. राजवाड्यात प्रहर पुकारणारे फिरतात, आणि ठरलेल्या वेळी राणीपुढे औषधाचा पेला येतो. सम्राट त्यात विष मिसळवतो आहे. राणीला ते कळलेलं आहे. तरी ती पिते, कारण न पिणं म्हणजे उघड बंड. गाँग लीने हे केवळ हातांनी आणि कपाळावरच्या घामाने केलं आहे. ‘शांघाय ट्रायड’नंतर अकरा वर्षांनी ती झांग यिमूंकडे परत आली होती, आणि ती एकटी या चित्रपटाचं ओझं वाहते.

एवढं हाताशी असताना दिग्दर्शकाला हजारोंचं सैन्य कशाला लागावं? नाटक दिवाणखान्यात घडतं म्हणून गुदमरवतं. इथे दिवाणखान्याला रंगीत काचांचे लांबच लांब बोळ फुटतात, मग अंगण, मग संगणकाने भरलेली फौज. लढाई सुरू झाली की राणी कुठे आहे याचा आपल्यालाच विसर पडतो. दोरांवरून दरीत उतरणारे मारेकरी दिसतात झकास, पण ते वेगळ्याच चित्रपटातून आलेत. धाकटा राजपुत्र अचानक थोरल्याला ठार करतो, आणि त्याच्या रागाची तयारी आधी कुठेच केलेली नसल्यामुळे प्रेक्षक दचकण्याऐवजी गोंधळतो.

आणि मग एक प्रसंग येतो ज्याच्यासाठी मी हा चित्रपट कितीही वेळा पाहीन. राणीचं बंड मोडलेलं आहे, अंगणात प्रेतांचा खच आहे. लगेच नोकरांच्या रांगा येतात. प्रेतं ओढून नेतात, फरशी धुतात, गालिचे अंथरतात, शेवंतीच्या ताज्या कुंड्या मांडतात. बघता बघता सण जसा ठरला होता तसा सुरू होतो. सत्ता म्हणजे काय, हे या साफसफाईइतकं नेमकं मी फार थोड्या थोर चित्रपटांत पाहिलंय. पोशाखांना ऑस्करचं नामांकन मिळालं ते ठीक, पण चित्रपट उरतो तो इथे.

एकाच चित्रपटात हे सगळं आहे, आणि याविषयी बोलायला तासभर पुरणार नाही. ओझूंच्या खेळानंतर आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा मान डोलावण्याची असते. ‘काय शांतता आहे!’ हो, आहे. पण पुढे?

‘द प्रॉमिस’चं थोडक्यात सांगतो. चेन कायगे म्हणजे ‘फेअरवेल माय काँक्युबाइन’साठी १९९३ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेतलेले दिग्दर्शक. त्यांच्या या महागड्या चित्रपटाची सुरुवात एका भुकेल्या मुलीने चोरलेल्या वाफेच्या पावाने, म्हणजे मांतोने होते. २००५च्या अखेरीस तो प्रदर्शित झाला आणि हू गे नावाच्या एका तरुणाने त्याची दृश्यं कापून-जोडून ‘एका मांतोने घडवलेला खून’ अशा थाटाची वीसेक मिनिटांची टवाळखोर फीत केली. ती इंटरनेटवरून चीनभर पसरली. दिग्दर्शक संतापले, कोर्टात खेचण्याची भाषा झाली, आणि मूळ चित्रपटाहून फीतच जास्त गाजली. चित्रपटात वाऱ्याच्या वेगाने धावणारा गुलाम आहे, त्याच्यामागे पतंगासारखी उडणारी नायिका आहे. कल्पना ऐकायला सुंदर, पडद्यावर मात्र संगणकाने तिची वाट लावली. तरीही चिनी प्रेक्षक आपल्या गुरुस्थानी असलेल्या दिग्दर्शकाला जाहीरपणे हसायला कधी शिकला, हे ज्याला समजून घ्यायचंय त्याला हा चित्रपट टाळता येणार नाही.

कोरियाकडे वळू. ‘ट्रेन टू बुसान’ (२०१६) हा आगगाडीतला झाँबीपट तुमच्यापैकी काहींनी महोत्सवाच्या मध्यरात्रीच्या खेळात दाखवला असेल. कोरियात त्याची एक कोटीहून जास्त तिकिटं खपली. त्याच दिग्दर्शकाचा, येऑन सांग-होंचा, पुढचा भाग, ‘पेनिन्सुला’, २०२०च्या जुलैत साथीच्या काळात आला. गाडीच्या डब्यातली कोंडी गेली आणि मोकळं शहर आलं, इथेच निम्मी लढाई हरली. सुरुवातीला तर अमेरिकी टॉक-शोमध्ये बसलेली दोन माणसं सगळी पार्श्वभूमी इंग्रजीत बोलून दाखवतात. कोरियन चित्रपटांतलं इंग्रजी बोलणारं पात्र हा एक स्वतंत्र रोग आहे. उत्तम लिहिणारी माणसं इंग्रजी संवाद आले की पाटीवर लिहिल्यासारखं लिहितात. ‘स्पेस स्वीपर्स’मध्येही (२०२१) हेच. तिथे कचरा गोळा करणाऱ्या यानावरची चौकडी इतकी लाघवी आहे की ती बोलत असताना आपण घरच्यासारखे सैलावून बसतो, आणि गोरा खलनायक तोंड उघडतो की सगळं थंड पडतं.

पण ‘पेनिन्सुला’तला हाँगकाँगचा भाग पुन्हा पाहा. देश नष्ट झाल्यामुळे निर्वासित झालेला कोरियन माणूस खाणावळीत बसलाय, आणि रोगी देशातला म्हणून शेजारच्या टेबलावरचे त्याला हाकलू पाहताहेत. समृद्ध कोरियाने स्वतःला निर्वासित म्हणून पाहणं, आणि तेही २०२० साली! दिग्दर्शकाला हे धरून ठेवता आलं असतं. त्याने डॉलरने भरलेल्या ट्रकची गोष्ट धरली. मग एक शाळकरी मुलगी अवाढव्य गाडी घेऊन इंचॉनच्या रस्त्यांवरून झाँबींना उडवत जाते, धाकटी बहीण दिवे लावलेल्या खेळण्यातल्या मोटारी रिमोटने पळवून त्यांना चकवते, आणि थिएटरमध्ये शिट्ट्या वाजतात. शेवटी संथ गतीतलं रडणं, आईचा त्याग, हेलिकॉप्टर. कोरियन प्रेक्षक या रडक्या शेवटांना ‘सिन्पा’ म्हणत नाक मुरडतात आणि तिकीटही काढतात. आपल्याला यात परकं काय वाटावं? माहेरच्या साडीवर वाढलेले आपण.

‘बॅटलशिप आयलंड’ (२०१७) हे दुखणं वेगळं. नागासाकीजवळच्या हाशिमा बेटावरच्या कोळशाच्या खाणीत जपानने कोरियन मजुरांना जबरदस्तीने राबवलं. २०१५ साली याच बेटाला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली, त्यामुळे विषय ताजा होता. अरुंद भुयारांत सरपटणारी पोरं दाखवणारा पहिला भाग अंगावर येतो. मग र्यू सुंग-वान यांच्यातला मारधाडपटांचा दिग्दर्शक जागा होतो आणि इतिहासाचा पलायनपट होतो. प्रदर्शनाच्या दिवशी तो २००० हून जास्त पडद्यांवर लागला, देशातले बहुतेक पडदे त्यानेच अडवले, आणि पडद्यांच्या मक्तेदारीवर कोरियात मोठा वाद पेटला. मराठी चित्रपटाला प्राइम टाइमचा खेळ मिळत नाही म्हणून आपण दर दोन वर्षांनी भांडतो. त्या वादाचा हा कोरियन भाऊ पाहायला आपली माणसं नक्की येतील.

सगळीच मधली फळी गल्लाभरू नसते, हे सांगायला हवं. कोरेएडांचा ‘ब्रोकर’ (२०२२) पाहा. जपानी दिग्दर्शक, कोरियन भाषा, बुसानमध्ये टाकून दिलेल्या बाळांसाठी ठेवलेली पेटी, आणि साँग कांग-होला कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार. मोटार धुण्याच्या यंत्रात पोरगा खिडकी उघडतो आणि सगळे भिजतात, तो प्रसंग निखळ आनंदाचा. पण त्या पेटीतली मुलं विकणारी माणसं इतकी गोड कशी? त्याच्या चार वर्षं आधीच्या ‘शॉपलिफ्टर्स’मध्ये कोरेएडांनी प्रेमाबरोबर स्वार्थही दाखवला होता, इथे तो विरघळवून टाकला. थोर दिग्दर्शकाच्या चित्रपटाला ‘साधारण’ म्हणायची सवय आम्हाला लागायला हवी, आणि ती तुमच्याच सभागृहात लागेल.

आपल्याशी थेट नातं असलेलं एक उदाहरण मुद्दाम राखून ठेवलं होतं. ‘डोंबिवली फास्ट’चे निशिकांत कामत आता नाहीत. त्यांच्या कामातले दोन धागे पूर्व आशियात जातात. २०१६चा त्यांचा ‘रॉकी हँडसम’ हा कोरियाच्या ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’चा (२०१०) गोव्यात आणलेला अवतार. मूळ चित्रपटाची गोष्ट झिजलेली आहे: एकटा माणूस, शेजारची पोर, तिला पळवणारे राक्षस. खलनायक तर चित्रकथेतून उचललेले. पण नायक वॉन बिनचं गप्प राहणं आणि शेवटची चाकूची झटापट यांनी तो त्या वर्षीचा कोरियातला मोठा यशस्वी चित्रपट झाला. झटापट हिंदीत जशीच्या तशी आली. गप्प राहणं आलं नाही.

दुसरा धागा याहून रंजक. कामतांनी हिंदीत केलेला ‘दृश्यम’ मुळात जीतू जोसेफ यांचा मल्याळम चित्रपट. २०१९च्या अखेरीस तो चिनी झाला, ‘शीप विदाउट अ शेफर्ड’ या इंग्रजी नावाने, आणि तुफान चालला. विजय साळगावकरचा तिथे ली वेइजिए झाला आणि गाव झालं थायलंडमधलं. भ्रष्ट पोलीस दाखवायचे तर ते परदेशातले असलेले सोयीचे, हे चिनी निर्माते पक्कं ओळखून आहेत. पोलीस अधिकारी आईच्या भूमिकेत जोन चेन आहे, आणि ती प्रत्येक दृश्यात समोरच्याला खाऊन टाकते. मुष्टियुद्धाचा सामना आणि घरातली हत्या यांची गुंफण तर मूळ चित्रपटापेक्षा चलाख आहे. मात्र कबरीत, कुरणात, नावात, जिथे तिथे मेंढ्या! प्रतीक एकदा कळल्यावर दिग्दर्शक ते आणखी चारदा समजावतो. आणि शेवट! आपला विजय साळगावकर निवांत घरी जातो, चिनी नायक पोलिसांच्या स्वाधीन होतो. गुन्ह्याला शिक्षा झाल्याशिवाय तिथे गाडी पुढे सरकत नाही. २ ऑक्टोबरच्या सत्संगाचे विनोद पाठ असलेल्या आपल्या प्रेक्षकाला हा चित्रपट दाखवा आणि दिवे लागल्यावर सभागृहात काय होतं ते पाहा. सेन्सॉरवरच्या दहा भाषणांनी होणार नाही इतकी चर्चा होईल.

तुमचे आक्षेप माहीत आहेत. ‘दर्जा घसरेल.’ वर्षातल्या एका खेळाने घसरणारा दर्जा मुळात किती उंच होता? ‘असे चित्रपट लोक घरी पाहतातच.’ पाहतात, पण एकटे, आणि निम्मं लक्ष जेवणाच्या ताटात ठेवून. ‘दूतावास असले चित्रपट देत नाहीत.’ हे खरं. कोणताही दूतावास आपल्या देशाचा मान वाढवणारंच देणार. हक्क विकत घ्यावे लागतील, खर्च येईल. त्या एका खेळाला सभासदांकडून वेगळं तिकीट घ्या, मी पहिलं काढतो. फक्त एक करा, ‘अजब-गजब’ किंवा ‘कल्ट’ असलं लेबल लावून थट्टेसाठी दाखवू नका. हसायला बोलावलेला प्रेक्षक हसूनच जातो, त्याला शेवंतीच्या कुंड्या दिसत नाहीत.

निवड कशी करावी याचंही सुचवतो. जोड्या लावा. २०१५ साली शिंजी हिगुचींनी ‘अटॅक ऑन टायटन’ या मांगावरून चित्रपटाचे दोन भाग केले. जपानमध्ये अशा चित्रपटांना पैसा घालते ती निर्मिती समिती: मांगाचा प्रकाशक, टीव्ही वाहिनी, जाहिरात कंपनी, नटांची एजन्सी असे सगळे भागीदार. धोका वाटला जातो आणि निर्णयही वाटला जातो, म्हणून असल्या चित्रपटांत देखणे तरुण चेहरे ठासून भरलेले असतात आणि पटकथेला वाली नसतो. ‘टायटन’मध्ये नेमकं तेच झालं. पण भिंत फोडून आत शिरणारे ते नागडे, हसरे, माणसं खाणारे राक्षस खऱ्या माणसांना रंगवून उभे केलेत, आणि ती पहिली वीस मिनिटं ओकारी यावी इतकी भयंकर आहेत. पुढच्याच वर्षी हेच हिगुची हिदेआकी आन्नोंबरोबर ‘शिन गॉडझिला’ करतात. तोही राक्षसपट, पण बहुतेक सगळा सरकारी बैठकांमध्ये घडतो, आणि जपानी समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. दुपारी ‘टायटन’चा पहिला भाग, संध्याकाळी ‘गॉडझिला’. मध्ये चहा.

जोडी परवडत नसेल तर सुरुवात ‘गोल्डन फ्लावर’ने करा. तो फोनवर पाहण्यात काही अर्थ नाही, त्यातलं सोनं लहान पडद्यावर नुसतं पिवळं दिसतं. परिचयाचं पान मी लिहून देईन, मराठीत, एका बाजूत मावेल एवढं. साओ यूंच्या नाटकाची गोष्ट त्यात आधीच सांगेन, कारण कुणाचा कोण मुलगा हे कळेपर्यंत पहिला पाऊण तास वाया जातो. पुढच्या तिमाहीची पत्रिका छापायला जाण्याआधी कळवा.

आपला,
एक वर्गणीदार सभासद